सोंगाड्याचा हुंकारा

तमाशात मी सरदार होतो. नाव मोठं आहे, पण बतावणीच्या विनोदी संवादातला सरदार म्हणजे फेटा बांधून, कोट घालून सोंगाड्याच्या शेजारी उभा राहणारा माणूस. सोंगाड्या बोलतो, लोक हसतात. सरदार विचारतो, "मग?" सोंगाड्या आणखी बोलतो, लोक आणखी हसतात. सरदार म्हणतो, "बरं." चाळीसेक वर्षं मी हेच केलं. यात काय अवघड, असं मला पुष्कळांनी तोंडावर विचारलं आणि त्यातल्या एकालाही मी धड उत्तर दिलं नाही. ज्याला विचारावं लागतं त्याला सांगून कळत नाही, असं माझं मत होतं.

आता सांगतो. हा जो सरदाराचा हुंकारा असतो, तो लवकर दिला की हसू मध्येच मोडतं. उशिरा दिला की लोक थंड पडतात, आणि थंड पडलेली माणसं पुन्हा तापवायला सोंगाड्याला घाम गाळावा लागतो. हसू वर चढतं, टेकतं, उतरणीला लागतं. त्या उतरणीला "मग?" टाकायचा. आणि सरदारानं स्वतः हसायचं नाही. माझा जोडीदार असा काही बोलायचा की मला डाव्या पायाच्या टाचेनं उजवा अंगठा दाबून धरावा लागायचा. तो अंगठा आजही काळाच आहे.

जोडीदार डिंगोरे गावचा. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, लहानपणी तो मेंढरांमागं हिंडला. रानात बोलायला कोणी नाही म्हणून मेंढरांपुढं नकला करायचा. मेंढरं काही हसत नाहीत. त्यामुळं पुढं माणसं हसायला लागली तेव्हा त्याला त्याचं नवल वाटलं आणि ते नवल शेवटपर्यंत गेलं नाही. लोक हसले की तो क्षणभर असा बघायचा, की ह्यांना झालं काय. त्या बघण्यावर लोक पुन्हा हसायचे. मी डोंगराकडचा, भात-नाचणीच्या गावातला, तिसरीत शाळा सोडलेला. आम्ही दोघं नारायणगावला एका फडात भेटलो आणि म्हातारे होईपर्यंत एकमेकांना सोडलं नाही. तो मला स्टेजच्या खालीही "सरदार"च म्हणायचा.

फड सोडून आम्हांला बरीच वर्षं झाली होती. तो डिंगोऱ्याला शेतीत, मी अवसरी खुर्दला मुलाकडं. मुलगा तिथं कॉलेजजवळ खानावळ चालवतो, मी बाहेर खुर्ची टाकून पोरांच्या चपला सांभाळतो म्हटलं तरी चालेल. एक दिवस कांदे काढणीच्या धामधुमीत जोडीदाराच्या मुलाचा फोन आला. वडील बांधावर पडले, उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, बिछाना झाला. हळूहळू पाय ओढत चालायला लागला, हातात थोडी धुगधुगी आली. बोलणं मात्र आलं नाही. एकच शब्द राहिला. "असं."

पाणी पाहिजे, "असं." गुडघा दुखतोय, "असं." गाय सुटली, बघा, तरी "असं." त्याला वाटायचं आपण बरोबर बोलतोय, आणि तोंडातून तेच यायचं. मग चिडायचा, आणि चिडूनही तेच.

मी भेटायला गेलो तर घरात नव्हता. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, दारातच म्हणाली, "भावजी, तुमाला जीपमधनं उतरताना बघितलं आन कांद्याच्या बराखीमागं जाऊन बसलं. तुमच्यापुढं येयाचं न्हाई म्हनत्यात."

"म्हनत्यात? बोलला का काय?"

"'असं'च म्हनलं. पन मला कळतं न्हाई का."

कोणीही पाव्हणा आला की तो बराखीमागं, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीमागं, जायचा म्हणे. ज्या माणसाचं बोलणं ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे, तो बोलावं लागेल म्हणून कांद्यामागं लपत होता.

मी गेलो आणि शेजारी बसलो. त्यानं तोंड फिरवलं. उजवा ओठ खाली ओघळला होता, कोपऱ्यातून लाळ येत होती, ती तो डाव्या हाताच्या बाहीनं पुसायचा. मी काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर द्यावं लागतं. मीच बोलत राहिलो. मला बोलायची सवय नाही, तरी बोललो. पाऊस, कांद्याचा भाव, कोण गेलं, कोण राहिलं. शेवटी जीपमधलं सांगितलं.

"नारायणगावला गाडी बदलली. जीपमधी एक गडी चढला, संगं सासू आन टोमॅटोचं क्रेट. जागा एकच. त्यानं क्रेट सीटवर ठिवलं आन सासूला म्हनला, तुमी खाली बसा, टमाटं दबतील."

"असं?"

मी त्याच्याकडं बघितलं. तोही दचकला होता. जिथं मी "मग?" टाकला असता तिथंच, बोटभरही इकडंतिकडं नाही, त्याचा "असं?" पडला होता. आणि हे "असं" पाण्याचं नव्हतं, गुडघ्याचं नव्हतं. जे म्हणायचं होतं तेच आलं होतं.

मी पुढं रेटलं. "सासू म्हनली, दबू द्या, लेक काय टमाट्यानं दिली तुमाला?"

"असंऽऽ," तो म्हणाला, आणि त्याचा चांगला अर्धा चेहरा हसला.

नारायणगावच्या दवाखान्यात वाचेचा व्यायाम घेणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी घरच्यांना बजावलं होतं, जो शब्द येतोय त्याला धरून बोलणं चालू ठेवा, माणसांत ठेवा. घरचे करायला तयार होते, तो नव्हता. मी दर आठवड्याला जायला लागलो. मी काहीतरी सांगायचो, तो हुंकारा द्यायचा. पण दुसरं कोणी आलं की उठून बराखीमागं. माझ्यापुरता तो उघडला होता, लोकांना बंदच होता. वहिनी म्हणाली, "तुमी जाता, आन पुढच्या येळंपोतर भिताडाकडं तोंड करून बसत्यात."

तेवढ्यात गावच्या यात्रेची तयारी सुरू झाली. कमिटीतली माणसं घरी आली, मी तिथंच होतो. म्हणाले, यंदा आपल्या गावच्या कलावंताचा सत्कार करायचा. शाल, नारळ, फेटा. बाबांनी फक्त खुर्चीवर बसायचं.

जोडीदार बराखीमागं होता, पण ऐकत होता. मला दिसलं, त्याचा डावा हात मातीत रेघोट्या मारत होता.

मी म्हटलं, "सत्कार नको. हजेरीला पाव घंटा द्या."

आमच्याकडं यात्रेत रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी, त्याच फडाची हजेरी असते. उन्हातला तमाशा. रात्री दिव्यात काहीही खपतं, हजेरीला समोरच्या माणसाची जांभईसुद्धा दिसते.

"हजेरीत काय करनार? त्यांना तर बोलता येत न्हाई."

"बतावणी करनार."

"कोन बोलनार?"

"मी."

त्यातल्या एकानं दुसऱ्याकडं बघितलं. त्याला हसू आलं होतं. मी म्हटलं, "हसू नको, राव. हजेरीला ठिव थोडं."

कमिटी तयार झाली, जोडीदाराचा मुलगा होईना. तो टोमॅटोच्या व्यापारात आहे, शांत स्वभावाचा, बापाचं सगळं करणारा. मला बांधावर घेऊन गेला.

"काका, लोक हसतील."

"हसायलाच पायजेत. त्याशिवाय कशाला उभं रहायाचं?"

"तसं न्हाई. दादांच्या बोलण्यावर हसले तर मला आनंदच हाय. पन त्ये त्यांच्या तोंडावर हसतील. व्हट लोंबतोय, लाळ गळती. घरात आमी पुसतो. तिथं समद्या गावापुढं गळली आन कोनी हसलं, तर त्ये पुन्यांदा घराभाईर पडायचे न्हाईत. माझा बाप अख्खा हातचा जाईल."

त्याचं खरं होतं. मी म्हटलं, "मी पुसंन," पण ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं.

निकाल जोडीदारानंच दिला. आम्ही परत आलो तर त्यानं पेटीतून जुनी बंडी काढून घेतली होती आणि वहिनीपुढं धरली होती. काखेत उसवली होती ती. "असं," तो म्हणाला. वहिनी सुई-दोरा आणायला आत गेली. मुलानं तिला सुईत दोरा ओवून दिला.

तयारी सुरू झाली आणि माझी अब्रू निघायला लागली.

बतावणी आमचीच, जुनी, सासुरवाडीच्या जेवणाची. जावई सासुरवाडीला जातो, पोटात कावळे, पण आपल्यात पद्धत अशी की पहिल्यांदा वाढू का म्हटल्यावर नको म्हणायचं. सासूनं आग्रह करायचा, मग खायचं. ही सासू आग्रहच करत नाही. हजार वेळा ऐकलेली बतावणी, शब्द न् शब्द पाठ. मी उभा राहिलो आणि सांगितली. वहिनी भाजी निवडत होती, ती म्हणाली, "भावजी, गंमत सांगताय का पोलिसात फिर्याद देताय?"

"तुमी भाजी बघा, वहिनी."

"बघतेच हाय. भाजीसुदिक गप झाली."

दुसरी अडचण याहून वाईट. मी एक वाक्य बोललो की थांबायचो. चाळीस वर्षांची सवय, एवढं झालं की आता सोंगाड्या बोलणार. सोंगाड्या म्हणायचा, "असं?" आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा. तो डाव्या हातानं मला हलवायचा, चल पुढं. फेटा काढून सोंगाड्याची टोपी घाला, म्हणजे जमेल, असं मुलगा म्हणाला. मी ऐकलं नाही. मी फेटा बांधूनच उभा राहणार होतो. टोपी ज्याची त्याच्या डोक्यावर.

हजेरीच्या दिवशी ऊन तापलं होतं. मंडपात पुढं म्हातारी माणसं, मागं पोरं, कडेला कुस्तीवाले पैलवान अंगाला माती लावायच्या घाईत. फडाचा माणूस माइकवर सांगायला निघाला की अर्धांगाच्या आजारातूनही आज हे कलावंत... मी त्याचा हात धरला. "आजाराचा एक शब्द काढला तर मी खाली बसून घेईन." तो बिचारा नुसतं "गावची जुनी जोडी" एवढंच बोलला.

जोडीदार पाय ओढत आला. ढोलकीवाल्यानं त्या पाय ओढण्याला ठेका द्यायला हात उचलला होता, मी डोळे वटारले, त्यानं खाली ठेवला. मंडप गप्प झाला. ती शांतता मला आवडली नाही. दवाखान्यात बघायला आलेल्या माणसांची असते तसली होती. मुलगा एका खांबाला धरून उभा होता.

मी सुरू केलं. "गेलो सासुरवाडीला."

"असं."

"सासूनं मटन केल्यालं. वास आळीच्या टोकापोतर."

"असं?"

"ताट मांडलं. सासू म्हनली, वाढू का, पावणं? म्या म्हनलं, नको."

"असं?"

"पद्धतच हाय. पहिल्यांदा व्हय म्हनतो त्यो हावरा. दुसऱ्यांदा व्हय म्हनतो त्यो उपाशी. तिसऱ्यांदा व्हय म्हनतो त्यो जावाय. म्या आपला तिसऱ्या खेपंची वाट बघतोय."

कोणी हसलं नाही. पुढच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली, प्रवचनात डोलावतात तशी. पुढचं वाक्य तोंडात होतं, सासूनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही. त्याच्या आधी थोडं थांबायचं असतं. मी थांबलो. आणि थांबल्यावर माझ्या तोंडातून काय आलं असेल, तर, "मग?"

मी जोडीदाराकडं तोंड करून, मोठ्यानं, खणखणीत "मग?" विचारून उभा. जन्मभर विचारला तसा. आता सोंगाड्या बोलणार. सोंगाड्याजवळ बोलायला काही नव्हतं. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. मंडपात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि त्याच वेळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली. मुलानं खांब सोडलेला मला दिसला. मी कोटाच्या खिशातल्या रुमालाला हात घातला.

जोडीदारानं माझा हात बाजूला सारला. रुमालाकडं बघितलं, नको, अशी मान हलवली. मग माझ्या फेट्याचा पाठीवर सोडलेला सोगा डाव्या हातानं पुढं ओढला. माझी मान वाकडी झाली. त्यानं सावकाश, अगदी घरच्यासारखं, त्या सोग्यानं तोंड पुसलं. या बाजूनं, त्या बाजूनं. सोगा निरखून बघितला, झटकला, परत माझ्या पाठीवर नीट सोडला, वरून थोपटला. मग माझ्या दोन्ही डोळ्यांत बघून, जसं काही मी विचारलेल्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं, म्हणाला, "असं."

मंडप फुटला. म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मागची पोरं काय झालं बघायला पुढं पळाली. आणि जोडीदार लोकांकडं बघत होता, ते जुनं नवल घेऊन, की ह्यांना झालं काय.

ते त्याच्या तोंडावर हसत नव्हते. माझ्यावर हसत होते. स्वतःच्या गोष्टीत अडकलेल्या, फेट्याला दुसऱ्याची लाळ लागलेल्या सरदारावर. त्यानं ते हसू उचलून माझ्यावर ठेवलं होतं. तेवढा वेळ त्याला मिळाला कधी आणि त्यानं ठरवलं कधी, मला कळलं नाही.

हसू उतरणीला लागलं तेव्हा मी म्हटलं, "सासूनं दुसऱ्यांदा इचारलंच न्हाई."

"असं?"

आता प्रत्येक "असं"ला लोक हसत होते. माझ्या वाक्यांना हसत होते का, ते सांगता येणार नाही. बतावणीचा शेवट असा, की सासूच्या दारात कुत्रं हाडूक चघळत बसलेलं असतं आणि जावई त्यालाच म्हणतो, बाबा, तू तरी एकदा आग्रह कर. हे शेवटचं वाक्य आमच्या काळात हमखास चालायचं. त्या दिवशी बरं चाललं. त्यावर तो थोडा थांबून "असंऽऽ" म्हणाला ते त्याहून जास्त चाललं.

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. मी जन्मभर सांगत आलो की हसू हुंकाऱ्यात असतं. आता हुंकारा त्याच्याकडं होता आणि हसू तिथंच पडलं, म्हणजे माझं म्हणणं खरं झालं. पण दुसरंही असू शकतं, की हसू कुठल्याच जागेत नसतं, तो जिथं उभा राहील तिथं जातं. मी यावर खानावळीबाहेर बसून पुष्कळ विचार केला आहे. माझा निकाल अजून लागलेला नाही आणि तो कोणाला विचारायची माझी इच्छाही नाही.

खाली उतरलो तर कमिटीवाले, जुने लोक, बाया, सगळे त्याच्याभोवती. कोणी विचारलं, बाबा, ओळखलं का? "असं." कोणी म्हणालं, लई हसवलं. "असं." तो उभा होता, सगळ्यांना उत्तरं देत होता. तोंड फिरवत नव्हता. मुलगा गर्दीतून पाण्याचा तांब्या घेऊन आला, बापाला पाजला, ओठ पुसायला गेला तर बापानं माझ्या फेट्याकडं बोट दाखवलं. मुलगा हसला. पहिल्यांदाच मोकळा हसताना बघितला मी त्याला. "काका," म्हणाला, "फेटा राहू द्या हितं. धुऊन धाडतो."

"धुवायला काय झालंय त्याला," मी म्हटलं, आणि डोक्यावर तसाच राहू दिला.

आता पाव्हणे आले तर तो ओसरीवरच बसलेला असतो. बोलणंही थोडं थोडं येतंय. चहा म्हणतो, ये म्हणतो, नातीला नावानं हाक मारतो, अर्धी का होईना. मॅडम खूश आहेत. पण आम्ही बतावणीला उभं राहिलो की तो "असं" सोडून दुसरा शब्द काढत नाही. मी एकदा म्हटलं, आता येतंय तर एखादं वाक्य तू घे की. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

उलट तो आता मलाच शिकवतो. बाजेवर बसतो, मी उभा राहून सांगायचं. चुकलं की बाजेच्या कडेवर हात आपटतो. पुन्हा पहिल्यापासून. यंदा शेजारच्या गावच्या हजेरीचं बोलावणं आहे, तिथंही सासुरवाडीच करायची. पोटावर हात फिरवून तो दाखवतो, की मी "नको" म्हटल्यावर आणखी थोडं थांबलं पाहिजे, भूक दिसली पाहिजे. मी सांगितलं, एवढं थांबलं तर लोक उठून कुस्त्यांना जातील. त्यानं हात आपटला. मी पुन्हा होतं तसंच म्हटलं. परवाचा सगळा दिवस त्यातच गेला, वहिनीनं जेवायला तीनदा हाका मारल्या, आणि आम्ही दोघंही हललो नाही.